मॅटाडोरमधलं चूलबंद

काकासाहेबांच्या नातवाचं जावळ होतं आणि सगळी गल्ली जेवायला गेली होती.

शहागडला हायवेच्या कडेला कडूबा सुताराचं दुकान. काम ट्रकच्या लाकडी बॉडीचं. एरवी तिथं रंध्याचा, करवतीचा, शेजारी सलीमच्या पंक्चरच्या दुकानातल्या मशीनचा आणि गोदावरीच्या पुलाकडे धावणाऱ्या ट्रकांचा असा काही गलका असतो, की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. पण श्रावणातल्या त्या दुपारी सगळं कसं चिडीचूप. सलीमसुद्धा शटर ओढून बुंदी खायला गेला होता. दुकानाच्या उंबऱ्यापाशी कडूबाची बहीण सगुणा एकटी बसली होती, मांडीवर एक अर्धवट पोळपाट घेऊन. पाऊस नुकता येऊन गेला होता. लाकडाच्या भुशाला ओला वास येत होता, आणि लांब कुठंतरी लाऊडस्पीकरवर आहेर पुकारत होते.

तेवढ्यात एक पांढरी मॅटाडोर येऊन थांबली. तिच्या अंगावर कपाशीचं हे एवढं मोठं बोंड रंगवलं होतं. आतून एक उंच, सावळा, चष्मेवाला माणूस उतरला. चिखल चुकवायला गेला आणि बरोबर चिखलातच पाय दिला.

"ताई," तो म्हणाला, "चूलबंद करून मिळेल का?"

सगुणाला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी गफलत झाली.

"काय करून पाहिजे?"

"चूलबंद." त्यानं दोन्ही हातांनी हवेत एक चौकोन काढला. "साधारण... एवढं. तुमच्याकडे काय मापाचं असतं ते मला माहीत नाही. मी बाहेरचा आहे."

"कोनी सांगितलं तुम्हाला?"

"काकासाहेबांनी. काल मोटरसायकलवरून जाता जाता ओरडून गेले, साहेब, उद्या चूलबंद बरं का, विसरू नका. माझी गाडी त्यांच्या खळ्यात उभी असते. मी गाडीतच राहतो, गाडीतच स्वयंपाक करतो, आणि शेजारी कडब्याची गंजी. त्यांचं बरोबरच आहे हो. उघडी शेगडी, एखादी ठिणगी उडाली तर..." तो चष्मा पुसत म्हणाला, "सकाळी अंबडला जाऊन आलो. भांड्यांच्या दुकानात विचारलं, हार्डवेअरमध्ये विचारलं. हार्डवेअरवाला म्हणाला, कुणाच्या घरचं? मी म्हटलं, माझ्याच गाडीचं. तर त्यानं दुकानातल्या सगळ्यांना बोलावून मला दाखवलं."

आणि सगुणा हसली. आधी पदरात, मग पदराबाहेर. पोळपाट मांडीवरून घरंगळला तरी तिला तो धरवेना. एवढं ती कधी हसली होती हे आठवायला बसली असती, तर तिला बरंच मागं जावं लागलं असतं.

"अवो साहेब, चूलबंद म्हंजी झाकण न्हाई. आवतनाचं हाय ते. कुणी घरटी एक माणूस बोलावतं, कुणी चूलबंद बोलावतं. चूलबंद म्हणलं की सगळ्या घरानं जेवायला जायचं. त्या दिशी चूल पेटवायचीच न्हाई. काकासाहेब तुम्हाला जेवायला बोलवून राह्यले, आन् तुम्ही झाकण हुडकीत फिरून राह्यले."

तो बघतच राहिला. मग त्यालाही हसू आलं.

"म्हणजे सगळ्या घरासकट जायचं?"

"हा."

"माझं सगळं घर म्हणजे मीच," तो म्हणाला. बोलला तो गमतीनंच, पण बोलून झाल्यावर दोघांनाही त्यात फारशी गंमत वाटली नाही. म्हणून त्यानं घाईनं विचारलं, "मग तुम्ही नाही गेलात? तुम्हाला चूलबंद नाही?"

"हाय की," सगुणानं पोळपाट उचलून त्यावरचा भुसा फुंकला. "पर घर राखायला कुणीतरी लागतंच."

आता हे घर राखणं काय, ते त्याला कुठून कळणार? सगुणाचं लग्न झालं होतं गेवराईकडं. नवऱ्यानं दुसरी केली, काडीमोड झाला आणि ती भावाकडं परत आली, त्याला चार वर्षं होत आली होती. अशा बाईला बारशाला, जावळाला कुणी येऊ नको म्हणत नाही. तोंडावर वाईट बोलायची कुणाची रीत नाही. फक्त निघायच्या वेळी कुणीतरी म्हणतं, घर राखायला कुणीतरी लागतंच, आणि सगळे चपला घालायला लागतात. सगुणानं इतकी वर्षं घर असं राखलं होतं, की घराला कुलूप कुठं असतं हेच वहिनी विसरून गेली होती.

"जावा जल्दी," ती म्हणाली. "शेवटची पंगत गावंल आजून."

तो वळला, दोन पावलं गेला आणि परत आला.

"पण झाकण मला खरंच हवंय. आता सुचलंच आहे तर... बघता का येऊन?"

*

त्याचं नाव विश्राम परब. गाव कोकणात, कुडाळजवळ. जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत होता. अंबड तालुक्यात कपाशीच्या क्रॉसिंगचे, म्हणजे संकरित बियाण्याचे, प्लॉट घेतले होते, त्यावर देखरेख करायला कंपनीनं त्याला ही जुनी मॅटाडोर दिली होती. मागच्या सीटा काढून आत एक लोखंडी पलंग, एक पत्र्याचं कपाट आणि खिडकीखाली एका फडताळावर दोन बर्नरची शेगडी. बस्, संपलं घर. खुंटीला एक टॉवेल. एक ताट, एक वाटी, एक पेला. पलंगावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर अर्धा चिरलेला कांदा.

"कांदा पलंगावर चिरता?" सगुणानं दारातूनच विचारलं. आत पाऊल टाकलं नव्हतं तिनं.

"दुसरीकडे कुठं चिरू? पाट ठेवायला जागाच नाही. कणीक मांडीवर मळतो. एकदा वळणावर कणीक ड्रायव्हरच्या सीटखाली गेली, ती शनिवारी सापडली."

तिनं ओठ दाबले. टेप त्याच्या हातात देऊन त्यालाच माप घ्यायला लावलं. शेगडीची लांबी, रुंदी, बर्नरच्या जाळीची उंची. असली कामं कडूबा तिच्याकडेच ढकलायचा. पोळपाट, पाट, चौरंग हे सगळं दुकानात सगुणाचं. वडिलांनी लहानपणी हातात रंधा दिला होता, तो तेवढा सासरहूनही तिच्याबरोबर परत आला होता.

"लाकूड कुठलं घालाल?" त्यानं विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं."

"वर सनमायका लावायचा का?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"रंग?"

ती काही म्हणायच्या आत त्यानंच मान हलवली. "कळलं. मी म्हणेन तसा."

चार दिवसांनी झाकण तयार झालं. सागाची फळी, चारी बाजूंनी खाली पट्ट्या, म्हणजे जाळीला न टेकता शेगडीवर बरोबर बसावं आणि गाडी हलली तरी सरकू नये. वरून फिकट हिरवा सनमायका. विश्रामनं ते शेगडीवर बसवलं, त्यावरून हात फिरवला, त्यावर ताट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. नव्या नवरीच्या घरी रुखवत बघावा तसा एवढा मोठा माणूस ती फळी बघत होता.

"ओटाच झाला की हो," तो म्हणाला. "झकास चूलबंद आहे."

"चूलबंद म्हणू नका त्याला."

"का? मी तर आता तेच म्हणणार."

सगुणा दुकानात परतली. त्या दिवशी तिनं रांधताना वहिनीच्या ओट्याकडं उगीचच दोनदा पाहिलं. ओटा वहिनीचा होता. डबेही वहिनीचे. मीठ कुठं ठेवायचं हेही वहिनीच ठरवायची, आणि त्यात वहिनीचं काही चुकत नव्हतं. घर तिचंच होतं. नंदावहिनी तशी मनानं चांगली बाई. पण चांगल्या माणसाच्या घरातही परकं वाटतं, आणि तसं वाटल्याचं कुणाला सांगताही येत नाही.

*

आठवड्याच्या आत मॅटाडोर पुन्हा दारात.

"तक्रार आहे," विश्राम म्हणाला. या वेळी त्यानं ताई म्हटलं नाही. सगुणाच्या ते लगेच ध्यानात आलं. त्याच्याही आलं असावं, कारण वाक्याच्या सुरुवातीला तो जरासा अडखळला, जिथं हाक असायची तिथं.

"काय झालं? हलून राह्यलं का?"

"नाही. पण झाकण घातलं की चूल बंद. चूल पेटवायची तर झाकण काढून ठेवायचं पलंगावर, त्यावरच्या चिरलेल्या भाजीसकट. म्हणजे कांदा पुन्हा पलंगावरच. एकतर ओटा, नाहीतर चहा. दोन्ही एका वेळी मिळत नाही."

"मंग एका हातानं धरायचं झाकण, दुसऱ्या हातानं ढवळायचं."

"आणि चिरायचं कुणी?"

"त्ये मला काय ठाव?" ती म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो हे कळून एकदम खाली बघायला लागली. तोही खाली बघायला लागला. खाली भुशाशिवाय काही नव्हतं.

तोडगा सगुणानंच काढला. झाकण मधोमध कापायचं. दोन अर्धी. एका बर्नरवर चहा उकळत असेल तर दुसऱ्यावर अर्धं झाकण राहील. आणि जे अर्धं काढलं, ते ठेवायला दाराशी, फडताळाला लागून दोन लोखंडी ब्रॅकेट मारायचे, म्हणजे तिथं आणखी एक छोटा ओटा होईल.

"चांगली केलेली फळी कापायची?" विश्रामला कसंतरीच झालं.

"कापल्याबिगर जागा व्हत न्हाई," ती म्हणाली आणि करवत लावली.

ब्रॅकेट बसवायला गाडी दुकानासमोरच उभी केली. आत कडूबा एका ट्रकच्या मागच्या फाळक्याला रंधा मारत होता. दाराबाहेर विश्रामनं ताडपत्री ताणली होती, त्याखाली पालथ्या क्रेटवर उभी राहून सगुणा बाहेरूनच स्क्रू पिळत होती. भादव्यातलं आभाळ सकाळपासून फुगून बसलं होतं, ते शेवटचा स्क्रू पिळेपर्यंत थांबलं आणि मग कोसळलं. ट्रक दिवे लावून जायला लागले. ताडपत्रीवर एवढा आवाज, की दोन हातांवरचं बोलणंही ओरडून करावं लागावं. सगुणा क्रेटवरून उतरायला गेली आणि चप्पल सटकली.

"जपून गो!"

त्यानं हात पुढं केला होता. तिनं तो धरला नाही, दाराची कड धरली. पण बराच वेळ तो हात तिथंच राहिला... पाऊस त्यावर पडत होता.

"गो म्हंजी काय?" तिनं विचारलं.

"काही नाही. आमच्याकडे बोलतात तसं."

"कुणाला?"

"बायकांना," तो म्हणाला. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून म्हणाला, "घरातल्या."

पाऊस काही थांबायची लक्षणं दिसेनात. तेव्हा विश्राम म्हणाला, ब्रॅकेट नुसते मारून काय कळणार, वापरून बघायला पाहिजेत. आणि त्यानं भात टाकला. एका बर्नरवर भात, दुसऱ्यावर अर्धं झाकण. त्या झाकणावर मिरची, लसूण चिरला. काढलेलं अर्धं दाराशी ब्रॅकेटवर. सगुणा ताडपत्रीखाली क्रेटवर बसली होती, सगळ्या रस्त्याला दिसेल अशी, आणि ती फळी नेमकी तिच्या पुढ्यात आली होती.

"भातावर आमटी घालू की कढी?"

"तुम्ही म्हणाल तसं."

त्यानं कढी घातली. लाल, कोकमाची. घरून आणलेल्या सोलांची. ताट एकच होतं, ते त्यानं तिच्यापुढं ठेवलं. स्वतः पातेल्यातच खायला घेतलं.

सगुणानं पहिला घास घेतला आणि तिचा हात थांबला. कढी आंबट होती म्हणून नव्हे. चार वर्षांत पहिल्यांदा तिला कुणीतरी वाढलं होतं. घरी सगळ्यांचं झाल्यावर ती आपल्या हातानं घेऊन चुलीपाशी बसायची. कुणी तिला उपाशी ठेवलं नव्हतं, पण कुणी वाढलंही नव्हतं. तिला रडू आलं. तिनं ते कढीच्या नावावर खपवलं.

"लई आंबट करता तुम्ही."

"जास्त झालं?"

"न्हाई," ती म्हणाली. "बराबर हाय."

दुकानातून कडूबानं एकदा बाहेर पाहिलं. मग तो पुन्हा रंध्याला लागला.

*

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी गाडीला काही ना काही व्हायला लागलं. कधी झाकणाची कड सुटायची, कधी ब्रॅकेट करकरायचा. सलीम आपल्या दुकानातून म्हणायचा, "परबसाब, टायर सोडून सगळं खराब होऊन राह्यलं तुमच्या गाडीचं. आमच्या पोटाचा बी विचार करा." विश्राम लाजायचा आणि कड दाखवायचा. कड खरंच सुटलेली असायची. ती कशी सुटते हे सगुणानं कधी विचारलं नाही.

ती त्याची वाट पाहायला लागली होती. खोटं कशाला बोला? हायवेवरून दिवसाला शेकड्यानं गाड्या जातात, पण मॅटाडोरचा आवाज तिला पुलापासून कळायला लागला होता. आणि तो यायचा नाही त्या दिवशी दुकान, घर, अंगण, सगळं इतकं मोठं वाटायचं, की त्यात आपण कुठं ठेवलेले आहोत हेच तिला सापडायचं नाही.

दसऱ्याच्या आधी वहिनी परतूरचं स्थळ घेऊन आली. तिच्या मावसभावाच्या ओळखीतलं. बिजवर, किराणा दुकान, दोन लेकरं, माणूस निर्व्यसनी. पाहुणे येऊन चहा घेऊन गेले. माणूस खरोखरच बरा दिसत होता, आणि त्यानं सगुणाकडं एकदाही पाहिलं नाही.

"काय वन्सं?" वहिनीनं विचारलं. "तुमच्या मनात काय हाय?"

"तुम्ही म्हणाल तसं," सगुणा म्हणाली. तिच्या तोंडाला तेवढंच वाक्य येत होतं. सासरी दोन वर्षं हेच बोलून दिवस काढले, माहेरी चार. बोललं की कुणी रागवायचं नाही, कुणाला ओझं व्हायचं नाही. कडूबानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि उठून गेला.

ही बातमी विश्रामला सलीमकडून कळली. पुढचे कितीतरी दिवस मॅटाडोरला काहीही झालं नाही.

तो आला तो क्रॉसिंग संपल्यावरच. सकाळची वेळ होती, कडूबा लाकूड आणायला गेला होता. विश्राम दुकानाच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"सोमवारी निघतोय," तो म्हणाला. "कंपनी पुढच्या हंगामासाठी अदिलाबादला पाठवते आहे."

"आसं का."

"तुमचंही ठरलं म्हणे. परतूरला."

"दादा-वैनी पाहून राह्यले."

"आणि तुम्ही?"

सगुणानं हातातल्या पाटावरून अंगठा फिरवला. "त्ये म्हणतील तसं."

तो हसला. त्या हसण्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"मीही विचारणार होतो," तो म्हणाला. "तुमच्या भावाला. कितीतरी दिवस वाक्य जुळवत होतो. गाडी चालवताना मोठ्यानं म्हणून बघायचो. मग वाटलं, भाऊ हो म्हणाले तर तू... तुम्ही काय म्हणाल? तुम्ही म्हणाल तसं. लाकूड कुठलं, तुम्ही म्हणाल तसं. आमटी की कढी, तुम्ही म्हणाल तसं. परतूर की अदिलाबाद, तुम्ही म्हणाल तसं. मला तसला होकार नको गो. नुसता माझ्या वाट्याला आलीस म्हणून माझ्या गाडीत बसलेली बाई... त्यापेक्षा मी एकटा राहीन. सवय आहे मला."

सगुणानं पाट खाली ठेवला. तिला खूप बोलायचं होतं. पण इतक्या वर्षांत न वापरलेला आवाज, तो मागितल्याबरोबर कुठून निघायला?

तो गाडीत बसला आणि गेला.

*

मधले दोन दिवस कसे गेले ते सगुणालाच माहीत. ती रांधत होती, भांडी घासत होती, वहिनीशी बोलत होती, आणि आतून तिला थंडी वाजत होती. आपल्याला कुणी विचारत नाही याचं दुःख तिनं इतकी वर्षं जवळ बाळगलं होतं. आता एकानं विचारलं होतं, आणि उत्तर द्यायला तिच्यापाशी तोंड नव्हतं. यात आता दुसऱ्या कुणाचा दोष म्हणायचा? नवऱ्याचा नाही, वहिनीचा नाही, गावाचाही नाही. हा एकटेपणा तिचा तिनंच राखला होता, घरासारखा.

रविवारी सकाळी ती दुकानात गेली. कडूबा रंधा मारत होता.

"दादा," ती म्हणाली, "परतूरला न्हाई म्हणून सांग."

रंधा थांबला.

"का? माणूस बरा न्हाई का?"

"बरा हाय. मला नगं."

कडूबानं रंधा बाजूला ठेवला, सावकाश, धारेची बाजू वर करून. "मंग काय पाहिजे तुला?"

सगुणानं दाराची चौकट धरली. "परबसाहेब."

"सगुणे, ती गाडीबी त्याची न्हाई, कंपनीची हाय. आज हितं, उद्या तिथं. ना आपल्यातला, ना आपल्याकडचा. समाजात काय सांगू मी?"

"सांग, तिनं मागितला."

बाहेरून दोन ट्रक गेले. कडूबानं गळ्यातल्या उपरण्यानं तोंड पुसलं, आणि सगुणाला दिसलं की तो घाम पुसत नव्हता.

"तू माघारी आल्ती तवापासनं," तो म्हणाला, "ह्या घरात एक गोष्ट मागितली न्हाई. बांगडी न्हाई, लुगडं न्हाई. नंदी म्हणायची, गरीब गाय हाय. मला तसं वाटंना. मला वाटायचं, माझी भयीण माझ्याच घरात मागायला भिऊन राह्यली. रोज वाटायचं, आज काहीतरी मागंल. चार वर्षं वाट पाहून राह्यलो मी." त्यानं पुन्हा रंधा उचलला, पण चालवला नाही. "जा. त्याला तूच सांग. माझ्यामार्फत नगं."

सगुणा निघाली. चपला घालायचं भानही राहिलं नव्हतं, सलीमनं ओरडून आठवण केली तेव्हा परत आली. गावातून, हायवेच्या कडेकडेनं, भर उजेडात ती एकटी काकासाहेबांच्या खळ्याकडं चालत गेली. लोक बघत होते. बघू देत, असं तिला वाटलं, आणि असं आपल्याला वाटू शकतं याचंच तिला नवल वाटलं.

खळ्यात मळणीची तयारी चालली होती, चार-सहा माणसं जमीन सारवत होती. विश्राम मॅटाडोरच्या पायरीवर बसून दोरीनं गाठोडं आवळत होता. तिला बघून तो उठला. दोरी सुटली.

"मला अदिलाबादला यायचंय," सगुणा म्हणाली. दम लागला होता, पण ती थांबली नाही. थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही अशी भीती होती. "लगीन करून. तुम्हाला नगं आसंल तर तसं सांगा, मी जाते परत. पर मला यायचंय. तुम्ही वाढलं त्या दिशी मी रडले व्हते. तुम्ही आला न्हाई की मला जेवण जात न्हाई. आन् कढीत सोलं थोडी कमी घालत जावा, मला एवढं आंबट सोसत न्हाई."

विश्राम तसाच पायरीवर खाली बसला. चष्मा काढला. तो पुसायचं विसरून हातातच धरून राहिला.

"तुझे दादा काय म्हणाले?" शेवटी त्यानं विचारलं.

"त्यानं इचारलं, मला काय पाहिजे."

"मग?"

"त्याला सांगून आले. आता तुम्हाला सांगून राह्यले."

सारवणारी माणसं हात थांबवून बघत होती. सगुणानं पदर खांद्यावर नीट घेतला, आणि तिच्यासाठी सरकून त्यानं पायरीवर जी जागा केली होती, तिथं बसली.